दोन मिनिटांचं पाणी

बन्सी,

हे पत्र पोस्टात टाकायचं की तुमच्या वस्तीवरून दूध घेऊन येणाऱ्या फकिराच्या किटलीबरोबर पाठवायचं, ते अजून ठरलेलं नाही. कदाचित तुला मिळणारच नाही. माझा भरवसा किती, हे गेल्या आठ वर्षांत तुला पुरेसं कळलेलं आहे. खुशाली विचारत नाही. तू बरा असलास तर फकिरा सांगतोच, आणि नसलास तर माझ्या विचारण्याने बरा होणार नाहीस.

मला सगळं एकदा क्रमाने मांडायचं आहे. त्यात अडचण एकच. या हकिकतीत एक म्हातारी बाई आहे, आणि 'मी, मी' करत तिच्याबद्दल लिहायला बसले की मी तिची बाजू घ्यायला लागते. दोनदा कागद फाडले. म्हणून तिला तिऱ्हाईत करून टाकते. तिचं नाव उमाबाई. तुझं नाव तुझंच राहू दे. जिथे चूक वाटेल तिथे पेन्सिलीने खूण कर.

*

बन्सी मूळचा फुलंब्रीच्या पुढे आत असलेल्या एका वस्तीवरचा. वडील लवकर गेले. आई सारजाबाई आणि धाकटा भाऊ सोमनाथ विहिरीवरच राहायचे. घराच्या उंबऱ्यापासून विहीर वीस पावलं. बहात्तरच्या दुष्काळात आसपासची माणसं तिच्यावर पाणी भरून गेली, पण ती आटली नाही. हे सारजाबाई नव्या माणसाला स्वतःचं नाव सांगायच्या आधी सांगायची. बोलायला अशी की समोरच्याने एकदा 'व्हय' म्हटलं तरी तिला अर्धा तास पुरायचं.

बन्सी मात्र ऐकणारा. विसाव्या वर्षी शहरात आला आणि बोअरच्या मोटारी सोडायच्या-काढायच्या कामाला लागला. गारखेड्यात तेव्हा ज्वारीच्या शेतांचे प्लॉट पडत होते. लोक आधी बोअर घ्यायचे, मग भिंती उभ्या करायचे. बन्सी मोपेडवर पाने, दोर आणि तिपाई लादून या प्लॉटवरून त्या प्लॉटवर. मोटार वर काढली की बोअरच्या केसिंग पाइपच्या तोंडाला कान लावून बसायचा. बाकीचे मेकॅनिक टिंगल करायचे, "काय रे, सासरची खबर सांगते का ती तुला?" हा हसायचा आणि कान काढायचा नाही.

दोन हजार नऊ साली उमाबाईंची मोटार जळाली. बाई कॉलेजात तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, नवरा गेलेला, मुलगा हिमांशू पुण्यात. प्लॉट नंबर एकतीसवर एकट्या. त्यांनी खिडकीतून पाहिलं तर हा माणूस हरभऱ्याएवढा खडा बोअरमध्ये टाकतोय आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटतोय. बाई चप्पल न घालता बाहेर आल्या.

"काय मंत्र म्हणतोस रे?"

"मंत्र नाय बाई, मोजतो. एक भाकर, दोन भाकर, तीन भाकर... मग डुबुक वाजलं की पाणी किती खोल ते कळतं."

"तुझ्या तीन भाकरी म्हणजे किती फूट?"

"ते भूक किती लागली त्याच्यावर हाय."

तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने बाईंना असं निरुत्तर केलं नव्हतं. त्यांनी आतून स्टॉपवॉच आणलं आणि तिथेच अंगणात वर्ग सुरू झाला. दोन सेकंद म्हणजे साठेक फूट. तीन म्हणजे एकशे तीस-पस्तीस. चार म्हणजे सव्वादोनशेच्या वर. वेळ जरा वाढली की खोली भराभर वाढते, हे बन्सीला दुसऱ्याच खड्याला कळलं. बाईंच्या बोअरचा आकडा आला दोन पॉइंट दोन. बाईंनी एक जाड रजिस्टर काढलं, पहिल्या ओळीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: प्लॉट ३१, २.२.

पण बन्सीला आणखी काहीतरी सांगायचं होतं. "बाई, डुबुकच्या मागून बी आवाज असतोय. कातळातून पाझर पडतो बघा, थेंब थेंब. लई वेळ कान लावावा लागतो. तो असला म्हणजे बोअर जित्ती."

बाईंना हे फार आवडलं, आणि आवडलं की त्या माणसाच्या मागे लागत. लेक्चरं रेकॉर्ड करायचा छोटा रेकॉर्डर त्यांनी त्याच दुपारी बन्सीला दिला. हिमांशूचा जुना कॉम्प्युटरही दिला. डब्यासारख्या मॉनिटरचा, चाळीस जीबीचा. नियम घालून दिला: दर बोअरला पूर्ण दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं, आधी खडा, मग पाझर. फाइल दाबून छोटी करायची नाही, दाबली की बारीक थेंब पहिल्यांदा मरतो. एकेका फाइलीला वीस-एकवीस एमबी लागत. "लागू दे," बाई म्हणाल्या, "चाळीस जीबी तुझ्या जन्मात भरत नाही."

हे वाक्य पुढे बन्सीने बाईंना एकदाही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

रस्त्याच्या कडेला बन्सीचं पत्र्याचं शेड होतं. कॉम्प्युटर तिथे, पान्यांच्या आणि कपलिंगांच्या ढिगात, बायको मुक्ताने शिवलेल्या खोळीखाली. बन्सी फाइलींना नाव द्यायचा ते फक्त प्लॉटचा नंबर आणि महिना. मालकाचं नाव कशाला, माणसं विकून जातात, प्लॉट जागेवर राहतो, असं त्याचं म्हणणं. बाईंनाही ते पटलं. शहर वाढत गेलं. एका लेआउटला लागून दुसरा पडला, दुसऱ्याला तिसरा, आणि प्रत्येकात नंबर पुन्हा एकपासून. याकडे दोघांपैकी कोणाचं लक्ष गेलं नाही. एक हिशोबी बाई आणि एक कानाचा पक्का माणूस, दोघांचीही चूक तीच.

मग पावसाने पाठ फिरवली. बारा साल वाईट गेलं, चौदा त्याहून, पंधरा तर विचारूच नका. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. बोअर पाचशे, सहाशे फुटांवर जायला लागल्या आणि तिथूनही पांढरी भुकटी उडायची. बन्सीच्या नव्या फाइलींत खडा टाकल्यावर नुसतं 'टक' यायचं आणि मग दोन मिनिटं काहीच नाही. त्या 'काहीच नाही'लाही वीस एमबी लागत.

दुपारी भाकरी खाताना बन्सी जुन्या फाइली लावायचा. टँकरची वाट बघत बसलेल्या बाया शेडच्या सावलीत येऊन टेकायच्या. स्पीकरमधून डुबुक, मग थेंब, मग थेंब. साहेबराव नावाचा एक घरमालक, मिशीवाला, आडदांड, रोज यायचा आणि हुकूम सोडायचा, "लाव रे माझं पाणी." स्वतःच्या बोअरचं दहा सालचं पाणी दोन मिनिटं ऐकायचा आणि मिशा पुसून जायचा, जणू पिऊनच निघालाय. त्याच्या बोअरला अजून थोडं पाणी होतं. गल्लीत तेवढ्यावरच त्याचा तोरा.

सोळा सालच्या मार्चमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात जागा संपत आल्याचा पिवळा फुगा आला. बन्सीने बाईंना बोलावलं.

बाईंनी डिस्कचा गोल उघडून दाखवला. भरलेली जागा निळी, रिकामी गुलाबी. गुलाबी फाक केसाएवढी उरली होती.

"आवरायला हवं. हलव ती खुर्ची."

हिमांशूचे खेळ उडवले. कचऱ्याचा डबा रिकामा केला. इंटरनेटच्या उरल्यासुरल्या तात्पुरत्या फाइली पुसल्या. फाक बोटाएवढी झाली, आठवड्याभरात पुन्हा केसाएवढी. बाई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि त्यांचा धीर संपलेला होता.

"हे बघ, यातल्या अर्ध्या बोअर तर बुजल्या. वर इमारती उभ्या राहिल्या. त्यांचे आवाज कशाला सांभाळतोस? हा चौदा नंबर. त्या अपार्टमेंटच्या पार्किंगखाली गेला तो हाच ना?"

"तोच असंल."

"असेल म्हणजे?"

"तोच, बाई."

"मग पुस. नुसतं डिलीट नको, ते डब्यात जाऊन परत जागा अडवतं. आधी शिफ्ट दाब, मग डिलीट."

बन्सीचं बोट थांबलं. "एकदा ऐकून मग पुसू का?"

"दीड हजारांवर फाइली आहेत. एकेक ऐकत बसलास तर पुढचा दुष्काळ येईल. पुस."

त्याने पुसली. पडद्यावरचं कागदाचं चित्र विरलं. बाई घरी जाऊन जेवल्या आणि झोपल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबराव शेडवर आला. बनियनवर होता, मिशा ओल्या नव्हत्या.

"बन्सी, मोटार हवा ओढायली. काल दुपारपस्तोर टाकी भरली, आन आज नुसती बोंबलायली. चल, बघ."

बन्सीने मोटार काढली, खडा टाकला. टक. कान लावला. पाझर नाही. साहेबराव घामाघूम होऊन म्हणाला, "असू दे, पुढं बघू. आधी माझं जुनं पाणी तरी लाव." बन्सीने फाइल शोधली. साहेबरावाचा प्लॉट पलीकडच्या लेआउटमधला, नंबर चौदा. चौदा नंबरच्या दहा सालच्या दोन फाइली होत्या, नावात फक्त महिन्याचा फरक; त्यातली एक शिल्लक होती. लावली, तर ती पार्किंगखाली गेलेल्या बोअरची निघाली. मागे त्या अपार्टमेंटच्या बांधकामावरचं कोणीतरी तेलुगूत मिस्त्रीवर ओरडत होतं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "अरे, सबंध मराठवाड्याच्या बोअर आटतायत. तू फाइल पुसलीस म्हणून साहेबरावाचं पाणी गेलं? मग मी फळ्यावर लिहिलेलं पुसलं की न्यूटन मरायचा का?"

"फळ्यावर लिहिणं निराळं, बाई. ह्यो त्याचा आवाज व्हता."

"आवाज म्हणजे हवेचं हलणं."

"व्हय. पर हलवलं कुणी?"

बाई वैतागल्या. मूर्खपणा कानाशी भुणभुणायला लागला की त्यांना राहवत नसे. प्रयोगाने मारून टाकायचा, ही त्यांची जन्माची रीत. त्या रजिस्टर आणि स्टॉपवॉच घेऊन शेडमध्ये बसल्या. बन्सीला चहा आणायला पिटाळलं. पहिलीच फाइल लावली: प्लॉट एकतीस, दोन हजार नऊ. स्वतःची बोअर. रजिस्टरमध्ये स्वतःचं अक्षर: २.२.

खडा सुटल्याचा बारीक खट. बटण दाबलं. डुबुक. बटण दाबलं.

तीन पॉइंट एक.

हात म्हातारा झालाय, बाईंनी स्वतःला सांगितलं. पुन्हा. तीन पॉइंट एक. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा तेच, एखाद्या शतांशाचा फरक. सात वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी मागे शेजारच्यांच्या फाटकाची कडी वाजलेली ऐकू येत होती, बन्सीचा तरुण आवाज 'तीन भाकर' म्हणत होता. सगळं तेच. फक्त खडा जास्त वेळ पडत होता.

बाईंनी रजिस्टरचं शेवटचं पान उघडलं. मागच्याच महिन्यात बन्सीने त्यांची मोटार आणखी खाली सोडली होती. त्या दिवशीचा आकडा त्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात होता: ३.१.

बाहेर ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. शेडमध्ये पंखा फिरत होता, आणि स्पीकरमधून, खूप खालून, एक थेंब पडला. मग बराच वेळ गेला. मग दुसरा.

बन्सी चहा घेऊन आला. "काय आलं, बाई?"

"दोन पॉइंट दोन. जे होतं तेच. विषय संपला."

आयुष्यभर बाईंनी फटकळपणा मिरवला. तोंडावर खरं बोलते म्हणून लोक त्यांना बिचकत. त्यांनी बोललेलं हे एवढं एक खोटं. बन्सीने चहाचा ग्लास ठेवला, रजिस्टर मिटलं, आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "म्या बी मोजलंय. चार-सहा फाइली. सगळ्या खाली चालल्यात. कॉम्प्युटर चालू असला की उतरतात. बंद असला की आहे तिथं ऱ्हातात."

बाईंनी चहा प्यायला.

"बाई, एक करा. एक मोठी डिस्क आणा. हे सगळं तिच्यात उतरवून घेऊ. मंग ह्यातलं काय बी पुसायची येळ येणार नाय. मला त्यातलं कळत नाय, दुकानदार कायबी गळ्यात मारंल. तुम्ही आणा."

"सोमवारी आणते," बाई म्हणाल्या. आणि उठल्या.

सोमवारी त्यांचं गुडघ्याचं निघालं. पुढच्या सोमवारी हिमांशूला फोन करू म्हणाल्या, केला, आणि फोनवर भलतंच बोलल्या. खरी गोष्ट अशी की डिस्क आणणं म्हणजे ते तीन पॉइंट एक मान्य करणं होतं. बाईंना ते करायचं नव्हतं. बन्सी रोज विचारत नसे. आठवड्यातून एकदा, मोपेड फाटकाशी थांबवून, पाय न टेकवता: "आणली का, बाई?"

"आणते रे. पळून जातेय का डिस्क?"

इकडे काम थांबत नव्हतं. नवे प्लॉट, नव्या बोअर, नव्या फाइली. कॉम्प्युटरला स्वतःला चालायलाही थोडी मोकळी जागा लागते. ती संपली की तो सकाळी चालू होताना अर्धा तास कण्हत बसायचा, कधी मध्येच बंद पडायचा. बन्सी घाबरला. हाच मेला तर सगळ्यांचंच गेलं. तेव्हा रोज काहीतरी काढायचं, पण बोअरीला हात लावायचा नाही. त्याने गाणी काढली. लग्नाचा व्हिडिओ काढला, मुक्ता दोन दिवस बोलली नाही. लेकीच्या बारशाचे फोटो काढले. बाईंनी सुचवलं, एकेका बोअरच्या चार-चार फाइली आहेत, जुन्या काढ, नव्या ठेव.

"जुन्यातच पाणी हाय, बाई," तो म्हणाला. "नव्यात नुसता टक."

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी बाईंच्या फाटकाशी मोपेड थांबली. या वेळी बन्सीने पाय टेकवले. मागे सारजाबाई बसली होती, मांडीवर गाठोडं. ती उतरली आणि पायरीवर टेकली.

बाईंनी पाण्याचा तांब्या आणला. "या, सारजाबाई. आज पोराच्या गाडीवर? काय म्हणते तुमची विहीर?"

एवढं बोलून बाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या, कारण आता अर्धा तास जाणार हे ठरलेलं. सारजाबाईने तांब्या घेतला. पाणी प्यायली. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. डोळे स्वच्छ होते, ओळख पुरी होती. तोंड उघडलं, आणि मिटलं. काही आलं नाही.

"चार दिस झाले," बन्सी म्हणाला. "डॉक्टर म्हणले, झटका आला असंल हलका. पर हात चालतो, पाय चालतो, जेवती. नुसतं बोलणं गेलं."

त्याने बाईंना अंगणाच्या कडेला, बोअरपाशी नेलं.

"सोमनाथचा फोन आला व्हता. विहीर आटली. बहात्तरला नाय आटली ती. तळाचा चिखल सुदीक वाळला."

बाईंनी पायरीकडे वळून बघितलं.

"त्याच्या आदल्या दिशी कॉम्प्युटर सुरूच होईना. लई येळ बसलो. मंग झाला, तर म्हणतो जागा नाय. कायतरी काढायलाच पायजे व्हतं. एक मोठी फाइल व्हती माझी. दहा साली लई पाऊस झाला तवा विहिरीच्या काठावर रेकॉर्डर ठिवला अन इसरलो. पाऊण तास. विहीर भरलेली, आई पाणी शेंदती, मला हाका मारती, शेजारणीला शिव्या देती. सगळं त्यात." त्याने बोअरच्या झाकणावरची माती बोटाने झाडली. "एका झटक्यात दोन डझन बोअरींची जागा झाली."

"माझी का नाही काढलीस?" बाईंच्या तोंडून निघालं.

"बोट एकतीसवरच व्हतं," बन्सी म्हणाला. "पर तुमचं पाणी गेलं असतं तर तुम्ही पुण्याला गेला असता पोराकडं. मंग डिस्क कोण आणणार व्हतं?"

पायरीवर सारजाबाईने तांब्या पालथा घातला आणि पदराने पायरी पुसली.

मे महिन्यात बन्सीने शेड मोडलं. आईला घेऊन, मुक्ता आणि लेकीसह तो वस्तीवर परत गेला. निघण्याआधी कॉम्प्युटर बाईंच्या मागच्या खोलीत आणून ठेवला. खोळ नीट घातली, वायर गुंडाळून वर ठेवली.

"आता ह्यात आवाजाशिवाय काय नाय," तो म्हणाला. "बंद हाय तवर सगळं जिथल्या तिथं. डिस्क आणली की जोडा. पर नवी डिस्क ओळखायला बी त्याला उलीशी जागा लागंल. आधी एक फाइल काढावी लागंल, बाई. एकच. कुठली ते तुमचं तुम्ही बघा. मला आता ते जमायचं नाय."

*

इथपर्यंत ती उमाबाई. आता पुन्हा मी, कारण यापुढचं तिच्यावर ढकलता येणार नाही.

बन्सी, कॉम्प्युटर आहे तिथेच आहे. खोळ मी दर दिवाळीला धुते. त्याच सोळा सालच्या पावसाळ्यात पाऊस बरा झाला, पुढे चांगली सालंही आली, रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं. पण आपल्या भागात ज्या बोअर तेव्हा आटल्या होत्या त्या भर श्रावणातही भरल्या नाहीत. साहेबराव दर वर्षी नवा मेकॅनिक आणतो आणि टक ऐकून शिव्या देतो. लोक म्हणतात, सगळीकडे काँक्रीट झालं, जमीन पाणी पीतच नाही. मीही त्यांना तेच सांगते. शास्त्राला धरून आहे ते.

माझी बोअर चालू आहे. मी दर महिन्याला मोजते, झाकणाच्या फटीतून, हरभऱ्याएवढा खडा. उन्हाळ्यात तीन पॉइंट एक. पावसाळ्यात तीन पॉइंट एक. आठ वर्षांत एक फूट वर नाही, एक फूट खाली नाही. असं पाणी निसर्गात नसतं, हे मला सांगायला कोणी दुसरा भौतिकशास्त्राचा माणूस नको. गल्लीतल्या बाया हंडे घेऊन माझ्याकडे येतात आणि मला पुण्यवान म्हणतात. मी ऐकून घेते.

सारजाबाई गेली तेव्हा मी आले नाही. फकिराने सांगितलं, शेवटपर्यंत बोलली नाही, दुपारी कोरड्या विहिरीच्या काठावर बसायची आणि आत कान द्यायची.

एकदा मी निराला बाजारात गेले होते, हे तुला माहीत नाही. दुकानात शिरले. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, "आजी, किती जीबीची दाखवू?" मी टॉर्चचे सेल घेऊन परत आले. कारण डिस्क घरात आली की ती जोडावी लागणार. जोडायची तर आधी एक फाइल काढावी लागणार. दीड हजार फाइलींतली कुठली काढायचा मला हक्क आहे, हे तू न सांगताही मला त्याच दिवशी कळलं होतं: एकतीसची. शिफ्ट दाबायचं, मग डिलीट. माझंच शिकवलेलं. मी ऐंशी वर्षांची आहे, बन्सी, मला हंडा उचलवत नाही. हे कारण आहे, निमित्त नाही, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पाच वेळा मोजलं, पाचही वेळा निमित्तच आलं.

या वर्षी पुन्हा पावसाने दगा दिला आहे. मागच्या महिन्यापर्यंत फकिरा दूध मापताना विचारायचा, "बन्सी विचारायलाय, डिस्क आणली का?" या महिन्यात त्याने एकदाही विचारलेलं नाही.

उद्या सकाळी तो येईल. त्याने विचारलं तर सांगणार आहे, सोमवारी आणते.